हृदयाला सोसले, श्वासाचे काय?

डिसेंबर १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या साप्ताहिकात पाच पानांचा एक निबंध छापून आला. पहिले नाव एडवर्ड लोवेनस्टाइन यांचे. सोबत आणखी पाच जण होते. त्यांत हृदयशल्यविशारद जेराल्ड ऑस्टिन होते आणि रक्तातल्या वायूंच्या मोजमापात मुरलेले मायरन लेव्हरही होते. काम बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले. विषय असा : शिरेतून मोठ्या मात्रेत दिलेल्या मॉर्फीनचा माणसाच्या रक्ताभिसरणावर काय परिणाम होतो? भूलशास्त्राच्या इतिहासात मॉर्फीनच्या पुनरागमनाचे श्रेय या पाच पानांना दिले जाते, आणि ते रास्तच आहे. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे कागद शेजारी मांडून तो निबंध वाचला, की त्या यशातला औषधाचा वाटा कमी भरतो आणि एका अटीचा जास्त. ती अट निबंधाच्या उगमातच होती. पुढे औषधाची कीर्ती पसरली आणि अट मागे राहिली.

उगम लेखकांनी सारांशातच नोंदवला आहे. हृदयाच्या झडपा पार निकामी झालेले काही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटरवर असत. घशात नळी आणि छातीत यंत्राने ढकललेली हवा अशा अवस्थेत ते शांत राहावेत म्हणून त्यांना मॉर्फीन दिले जाई, आणि तेही नेहमीच्या हिशेबाबाहेरच्या मात्रेत. इतक्या थकलेल्या हृदयांनी ते सहज सोसले. शस्त्रक्रियेनंतर जे चालते, ते शस्त्रक्रियेआधी भूल देताना का चालू नये, या प्रश्नातून प्रयोग उभा राहिला.

मात्रा होती वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ६० मिलिग्रॅम. वेदनेसाठी मोठ्या माणसाला एका वेळी साधारण १० मिलिग्रॅम देतात, म्हणजे हा आकडा सहापट झाला. रुग्ण अवघे पंधरा. सात जणांना महाधमनीच्या झडपेचा विकार होता आणि आठ जणांचे हृदय निरोगी होते. निरोगी आठांत रक्ताभिसरणाच्या मापांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. झडप बिघडलेल्या सातांत मात्र हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त वाढले, दर ठोक्याचे रक्त वाढले, मध्यवर्ती शिरेतला आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढला, आणि शरीरभरच्या रक्तवाहिन्यांचा रोध उतरला.

यातला शेवटचा आकडा ध्यानात ठेवावा. रोध उतरणे म्हणजे वाहिन्या सैलावणे. ज्या हृदयाला पुढे रक्त ढकलतानाच दम लागतो, त्याला वाट मोकळी मिळाली तर काम सोपे होते. १९६९ मध्ये तो आकडा वरदान म्हणून वाचला गेला. बारा-तेरा वर्षांनी त्याच आकड्यावर दुसऱ्याच खटल्याची सुनावणी झाली.

जुना गुन्हा

बोस्टनच्या निकालाचे नवल का वाटले, हे कळायला जुने दप्तर उघडावे लागते. मॉर्फीन अफूतून वेगळे काढले जर्मन औषधविक्रेता फ्रीडरिश सर्ट्युर्नर याने, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. एडिनबराच्या अलेक्झांडर वुड यांनी १८५५ साली पोकळ सुईने ते कातडीखाली देण्याचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. १८६०च्या दशकात क्लोद बेर्नार यांनी प्राण्यांवर दाखवले, की आधी मॉर्फीन दिले तर क्लोरोफॉर्म कमी लागतो. हा वापर टिकला. पुढचे धाडस फसले. १९००च्या सुमारास जर्मनीत श्नायडरलिन यांनी मॉर्फीन आणि स्कोपोलामीन यांच्या इंजेक्शनांवरच शस्त्रक्रियेची भूल द्यायचा प्रयत्न केला. इतरांनी तो उचलला आणि मृत्यूंच्या नोंदी येऊ लागल्या. काही वर्षांतच पद्धत मागे पडली. मॉर्फीन पुन्हा शस्त्रक्रियेपूर्वीच्या एका छोट्या इंजेक्शनापुरते उरले.

ते रुग्ण दगावले कशाने, याचे उत्तर आज शरीरशास्त्राचा विद्यार्थीही देईल. अफूवर्गातले प्रत्येक औषध मेंदूच्या बुंध्यातल्या श्वसनकेंद्राला सुस्त करते. रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचला तरी केंद्राला जाग येत नाही. श्वास विरळ होतो आणि मग थांबतो. हृदय काही काळ चालू राहते. १९०० सालच्या डॉक्टरजवळ थांबलेला श्वास तासन् तास चालवण्याचे साधन नव्हते.

१९६९ पर्यंत ते आले होते. १९४२ मध्ये मॉन्ट्रियलला हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी क्युरारे वापरून स्नायू ढिले केले, आणि रुग्णाचा श्वास आपल्या हाती घेणे हळूहळू भूलतज्ज्ञाच्या रोजच्या कामात आले. १९५२च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनला ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेतल्या नळीवाटे हाताने हवा देऊन रुग्ण जगवले. १९५६ मध्ये लीलँड क्लार्क यांनी प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड जाहीर केला आणि दोनेक वर्षांत जॉन सेव्हरिंगहाउस यांनी रक्तवायू मोजण्याचे यंत्र जुळवले. म्हणजे दोन्ही काळांत औषध तेच होते. १९०० साली रुग्ण स्वतः श्वास घेत होता आणि १९६९ साली यंत्र त्याच्यासाठी घेत होते. बोस्टनच्या निरीक्षणाची सुरुवातच व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांपासून झाली, यात सगळे आले.

लेव्हर यांचे नाव इथे योगायोगाने येत नाही. १९६३ मध्ये त्याच साप्ताहिकात हेन्रिक बेंडिक्सन, जॉन हेडली-व्हाइट आणि लेव्हर यांचा एक निबंध आला होता. यंत्राने एकसारखे, ठरावीक मापाचे श्वास देत राहिले तर भुलेखालच्या रुग्णाच्या रक्तातला प्राणवायू हळूहळू घसरतो, कारण फुप्फुसाचे काही कोपरे मिटत जातात; मधूनच काही खोल श्वास दिले की तो पुन्हा चढतो. श्वास हाती घेतला म्हणजे प्राणवायूची चिंता मिटली असे नाही, हे या मंडळींना मॉर्फीनच्या प्रयोगाच्या सहा वर्षे आधी ठाऊक होते.

एकाच आकड्याचे दोन अर्थ

मॉर्फीनच्या मोठ्या मात्रा हृदयशस्त्रक्रियेत रुळल्या, तेव्हा हॅलोथेनसारख्या वायूंशी त्यांची तुलना होत होती. १९५६ पासून वापरात आलेले हॅलोथेन हृदयाच्या स्नायूचाच जोर कमी करते. मॉर्फीन तसे करत नाही. पण तक्रारीही जमू लागल्या. युटाच्या थिओडोर स्टॅन्ली यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७३ मध्ये 'अॅनेस्थेशिऑलॉजी'त लिहिले, की मोठ्या मात्रेत मॉर्फीन मिळालेल्या रुग्णांना रक्त आणि द्रव जास्त द्यावे लागतात. वाहिन्या सैलावल्या की तेवढेच रक्त अपुरे पडते, हे त्यामागचे साधे गणित.

वाहिन्या सैल का पडतात, याचा छडा बोस्टनमध्येच लागला. १९८१ मध्ये डॅनियल फिल्बिन आणि सहकाऱ्यांनी चाळीस रुग्णांचे चार गट केले. मॉर्फीनआधी एका गटाला नुसते बनावट औषध मिळाले, दुसऱ्याला हिस्टामाइनचा एका प्रकारचा ग्राहक रोखणारे डायफेनहायड्रामीन, तिसऱ्याला दुसऱ्या प्रकारचा ग्राहक रोखणारे सिमेटिडीन आणि चौथ्याला दोन्ही. हिस्टामाइन रक्तात वाढतच होते. पण दोन्ही ग्राहक रोखलेल्या गटात रक्तदाब आणि रोध यांची घसरण बरीच कमी झाली. मॉर्फीन मास्ट पेशींना हिस्टामाइन सोडायला लावते आणि तेच वाहिन्या सैलावते, असा संशय आधीपासून होता. या रचनेने त्याला पुरावा दिला.

पुढच्याच वर्षी कार्ल रोसो, जोनाथन मॉस, फिल्बिन आणि जॉन सव्हारीज यांनी मॉर्फीन आणि अफूवर्गातलेच फेंटानिल समोरासमोर उभे केले. या निबंधातली मात्रा आणि वेग यांची ओळ थांबून वाचण्याजोगी आहे. मॉर्फीन किलोमागे १ मिलिग्रॅम, मिनिटाला १०० मायक्रोग्रॅम या गतीने. फेंटानिल किलोमागे ५० मायक्रोग्रॅम, मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम या गतीने. भागाकार केला तर दोन्ही औषधे दहा-दहा मिनिटांत गेली. म्हणजे एक भरकन गेले आणि दुसरे सावकाश, अशी सबब उरली नाही. मॉर्फीनच्या गटात रक्तातले हिस्टामाइन शिखरावर सरासरी ७५० टक्क्यांनी वाढले, सरासरी रक्तदाब २७ मिलिमीटरने पडला आणि त्याबरोबर रोधही घसरला. फेंटानिलच्या गटात हिस्टामाइन हलले नाही.

१९६९ चा तोच आकडा, रोधाची घसरण, इथे आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. दोन्ही मापे खरी आहेत. आधीच्या निबंधातले सात जण महाधमनीच्या झडपेचे रुग्ण होते आणि त्यांना रोध उतरल्याचा फायदा झाला. हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाचा रक्तदाब असा पडला, तर त्याच्या हृदयस्नायूलाच रक्त कमी मिळते. निकाल औषधाच्या नावावर लिहिला गेला. खरे तर तो औषध, वेग आणि रुग्णाचा आजार या तिघांच्या नावावर हवा होता.

फेंटानिलची पाळी

फेंटानिल बेल्जियममधल्या बेर्स इथल्या पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत १९६० साली तयार झाले. वजनाला वजन धरले तर त्याचा जोर मॉर्फीनच्या सुमारे शंभरपट. अमेरिकेत ते सहजासहजी शिरले नाही. भूलशास्त्रातले वजनदार नाव असलेल्या रॉबर्ट ड्रिप्स यांना त्याच्या गैरवापराची धास्ती होती. तडजोड म्हणून १९६८ मध्ये ते एकटे न येता ड्रोपेरिडॉलशी मिसळून आले. प्रमाण असे, की एका भाग फेंटानिलमागे पन्नास भाग ड्रोपेरिडॉल. नंतर फेंटानिल स्वतंत्रपणे मिळू लागले आणि हृदयशस्त्रक्रियेत त्याच्या प्रचंड मात्रा वापरल्या जाऊ लागल्या.

१९७८ चा स्टॅन्ली आणि लिन वेब्स्टर यांचा निबंध या टप्प्याचा मुख्य कागद. नुसते फेंटानिल आणि प्राणवायू यांवर रक्ताभिसरण फारसे हलले नाही. त्यात गुंगी आणणारे डायझेपाम घातल्यावर हृदयातून बाहेर पडणारे रक्त, रक्तदाब आणि रोध तिन्ही उतरले. डायझेपाम एकटे निरुपद्रवी वाटते आणि फेंटानिलही. जोडी मात्र वेगळी वागते. डायझेपाम वगळावे, तर दुसरी अडचण उभी राही. १९८० आणि १९८१ मध्ये अशा रुग्णांच्या नोंदी छापून आल्या, ज्यांना फेंटानिल आणि प्राणवायूच्या भुलेखालच्या गोष्टी नंतर आठवत होत्या. वेदना मारणे आणि शुद्ध हरपवणे ही दोन वेगळी कामे आहेत. अफूवर्ग पहिले चोख करतो, दुसऱ्याची हमी देत नाही. म्हणून जोडीदार औषध लागते आणि जोडीदाराबरोबर रक्तदाबाचा प्रश्न पुन्हा येतो.

तोवर श्वासाच्या बाजूची एक जुनी नोंद वर आली होती. १९५३ मध्ये विल्यम हॅमिल्टन आणि स्टुअर्ट कलन यांनी अफूवर्गातल्या औषधांनी स्नायू ताठरतात असे लिहिले होते. लहान मात्रांच्या काळात ते दुर्लक्षित राहिले. फेंटानिलच्या मोठ्या मात्रा वेगाने जाऊ लागल्यावर तेच प्रत्येक हृदयशस्त्रक्रियागृहात दिसू लागले. औषध शिरेत जाते, रुग्णाचे डोळे मिटतात, श्वास थांबतो. इथवर सारे अपेक्षित. भूलतज्ज्ञ तोंडावर मास्क दाबून पिशवी पिळतो, आणि पिशवी दबतच नाही. छाती उचलत नाही. पोट फळीसारखे घट्ट. १९८१ मध्ये कॉमस्टॉक आणि सहकाऱ्यांनी 'अॅनेस्थेशिया अँड अॅनाल्जेसिया'ला लिहिलेल्या पत्राचा विषय हाच होता : फेंटानिलने भूल चढवताना येणारा ताठरपणा आणि त्यासोबत रक्तात साचणारा कार्बन डाय-ऑक्साइड. मॉनिटरवर रक्तदाब अगदी व्यवस्थित दिसत असताना हे घडू शकते. हृदयासाठी निवडलेले औषध श्वासाची वाट अडवून बसलेले असते.

अडथळा छातीत की घशात, याचा उलगडा व्हायला १९९७ उजाडले. जेम्स बेनेट आणि सहकाऱ्यांनी फेंटानिलच्याच कुळातले सुफेंटानिल देऊन तीस रुग्णांच्या घशात फायबरऑप्टिक दुर्बीण घातली. हवा जाईना तेव्हा स्वरतंतू एकमेकांना चिकटून मिटलेले दिसले. निबंधाच्या शीर्षकातच निष्कर्ष आहे : मुख्य कारण स्वरतंतूंचे मिटणे. स्नायू ढिले करणारे औषध दिले की वाट उघडते. म्हणून आज अफूवर्गातले औषध सावकाश, मोजक्या मात्रेत देतात आणि स्नायू ढिले करणारे औषध हाताशी भरून ठेवतात.

श्वास थांबल्यापासून वाट उघडेपर्यंतच्या वेळात प्राणवायू कुठून येतो, याचा हिशेब असा. श्वास सोडल्यावर मोठ्या माणसाच्या फुप्फुसात साधारण अडीच लिटर हवा उरते. साध्या हवेत तिच्यातला प्राणवायू सुमारे अर्धा लिटर. शरीर मिनिटाला पाव लिटर खर्च करते. म्हणजे साठा दोन मिनिटांचा. तोच माणूस आधी काही मिनिटे शुद्ध प्राणवायूवर श्वास घेत असेल, तर साठा दोन लिटरवर जातो. आडवे झाल्यावर, भूल चढल्यावर, स्थूल किंवा गरोदर व्यक्तीत तो आटतो. मोठ्या मात्रेत अफूवर्गातले औषध श्वास थांबवणारच. किती वेळ परवडेल हे हा साठा ठरवतो.

जे मोजले जात नव्हते

१९६९ च्या तक्त्यांत रक्ताभिसरणाचे आकडे दाट आहेत. प्राणवायू कळायचा तो धमनीतून रक्त काढले त्या क्षणाचा. दोन नमुन्यांमधल्या मिनिटांत काय झाले, हे सांगणारे साधन शस्त्रक्रियागृहात नव्हते. नाडीच्या ठोक्यांवरून अखंड मोजमाप करण्याची कल्पना जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतल्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली आणि पल्स ऑक्सिमीटर शस्त्रक्रियागृहांत पसरला १९८०च्या दशकात.

मोजमाप आल्यावर पुरावा कसा पालटला, हे पीटर बेली आणि सहकाऱ्यांच्या १९९० च्या निबंधात दिसते. बारा निरोगी स्वयंसेवक, साध्या हवेवर. डायझेपामच्याच कुळातल्या मिडाझोलामने एकट्याने दखल घेण्याजोगे काही झाले नाही. फेंटानिल एकट्याने, किलोमागे फक्त २ मायक्रोग्रॅम, बारापैकी सहा जणांचा प्राणवायू ९० टक्क्यांखाली नेला. दोन्ही मिळून बारापैकी अकरा जणांचा गेला आणि सहा जणांचा श्वास थांबला. १९७८ मध्ये डायझेपामच्या जोडीने रक्तदाबात जे दाखवले होते, तेच इथे श्वासात उमटले.

लहान मुलांच्या कागदांत रक्ताभिसरण आणि प्राणवायू एकाच सुतात बांधलेले दिसतात. बोस्टनच्या चिल्ड्रेन्स हॉस्पिटलमध्ये पॉल हिकी आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये पाहिले, की हृदयशस्त्रक्रियेनंतर बाळाच्या श्वासनलिकेतली घाण ओढून काढताना फुप्फुसाच्या धमनीतला दाब उसळतो. किलोमागे २५ मायक्रोग्रॅम फेंटानिल आधी दिले तर ती उसळी दबते. फुप्फुसाच्या वाहिन्या आवळल्या की तिथून जाणारे रक्त घटते आणि अशा बाळांत प्राणवायूही उतरतो. म्हणून इथे अफूवर्ग श्वासाच्याही बाजूने उभा राहिला, अर्थात बाळ व्हेंटिलेटरवर असताना. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डहून १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दिलेला पुरावाही याच दिशेचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेत किलोमागे १० मायक्रोग्रॅम फेंटानिल मिळाले, तर शरीरावरचा ताण आणि नंतरच्या गुंतागुंती कमी होत्या.

मोठ्यांत मात्रा हळूहळू खाली आल्या. लॅरिंगोस्कोप घशात घालताना नाडी आणि रक्तदाब उसळतात, हे १९५१ पासून नोंदलेले आहे. १९८२ मध्ये फिनलंडच्या काउट्टो यांनी दाखवले, की किलोमागे २ मायक्रोग्रॅम फेंटानिल ती उसळी बोथट करते आणि ६ मायक्रोग्रॅम ती पुसून टाकते. आजच्या बहुतेक शस्त्रक्रियांत पहिल्या आकड्याच्या आसपास राहतात.

आपल्याकडे निवडीत आणखी एक कागद बसतो, तो कायद्याचा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फीन, पेथिडीन, फेंटानिल ठेवायचे तर परवाने आणि नोंदवह्या आल्या. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन आणि फेंटानिलसह काही औषधांना अत्यावश्यक मानून नियम सोपे केले. तोवर लहान गावांतल्या कित्येक शस्त्रक्रियागृहांनी पेंटाझोसीन, ब्युटॉर्फेनॉल, नाल्ब्युफिन यांवर काम भागवले. यांतली पहिली दोन फुप्फुसाच्या धमनीतला दाब आणि हृदयाचे काम वाढवतात. हृदयविकाराच्या रुग्णात ती जपून वापरावी लागतात. भारतीय भूलशास्त्राच्या नियतकालिकांत फेंटानिलशी नाल्ब्युफिन किंवा ब्युटॉर्फेनॉलची तुलना इतक्या वेळा का दिसते, त्याचे एक उत्तर औषधशास्त्रात आहे आणि दुसरे कपाटाच्या किल्लीत.

अलीकडे अफूवर्ग भुलेतून पुरता वगळावा, असा विचार जोर धरतो आहे. श्वास दाबणारे औषधच नको, हा त्यातला सरळ तर्क. फ्रान्समध्ये हेलेन बेलॉय आणि सहकाऱ्यांनी तो तपासला आणि निष्कर्ष २०२१ मध्ये 'अॅनेस्थेशिऑलॉजी'त छापला. एका गटाला अल्पजीवी अफूवर्गीय रेमिफेंटानिल, दुसऱ्याला त्याऐवजी अफूवर्गाबाहेरचे गुंगीचे औषध डेक्समेडेटोमिडीन. शस्त्रक्रियेनंतर प्राणवायू घसरण्याचे प्रमाण रेमिफेंटानिलच्या गटात ६१ टक्के आणि अफूविना गटात ७२ टक्के निघाले. अफूविना गटात नाडी धोकादायकरीत्या मंदावल्यामुळे चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

लोवेनस्टाइन यांच्या सात रुग्णांपासून बेलॉय यांच्या चाचणीपर्यंत एका औषधाला दोषी आणि दुसऱ्याला निर्दोष ठरवण्याची घाई प्रत्येक पिढीने केली, आणि पुढच्या पिढीच्या कागदांनी तो निकाल फिरवला. टिकले ते दर निबंधाच्या पद्धतीच्या परिच्छेदात बारीक अक्षरांत असलेले तपशील : किती, किती वेगाने, कशाच्या जोडीला, कुठल्या हृदयाला, आणि श्वास कोणाच्या हाती होता. भूल देणाऱ्याने औषधाचे नाव ठरवण्याआधी या पाच प्रश्नांची उत्तरे ठरवावीत, एवढा निष्कर्ष हे दप्तर निःसंशय देते.